आमची वाटचाल : आम्हीच दिलेल्या डिस्क परत आल्या तेव्हा

आमचा मूळ धंदा चित्रीकरणाचा. घरगुती समारंभ, छोट्या संस्थांचे कार्यक्रम. शूटिंग करायचं, एडिटिंग करायचं आणि शेवटी पार्टीच्या हातात डीव्हीडी ठेवायची. डिस्कवर छापील स्टिकर, स्टिकरवर फोटो, बाहेरून चकचकीत डबी. आम्हाला ते फार झोकात वाटायचं. मग लॅपटॉपमधून ड्राइव्ह गेले, टीव्हीखालचे प्लेअर माळ्यावर गेले आणि जुन्या पार्ट्या त्याच डब्या घेऊन दारात यायला लागल्या. म्हणायच्या, "हे तेवढं पेनड्राइव्हवर करून द्या."

मला आणि माझ्या भागीदाराला वाटलं, यात आहे काय? डिस्क घालायची, हँडब्रेक या डिस्कची फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, बटण दाबायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. पहिल्या ऑर्डरीत चाळीस डिस्क होत्या. शनिवार-रविवारात उरकू म्हणालो. सहा आठवडे लागले. अवघड डिस्क काढल्या तर त्यातल्या निम्म्याहून जास्त आमच्याच हातच्या निघाल्या, हे कबूल करायला आणखी थोडे दिवस लागले.

पहिली गोष्ट झाली ती अशी. रूपांतर ब्याण्णव टक्क्यांपर्यंत यायचं आणि थांबायचं. ड्राइव्ह घरघरत राहायचा, आकडा हलायचा नाही. आम्ही रद्द करून पुन्हा पहिल्यापासून लावायचो. एकच डिस्क आम्ही सहा वेळा अशी पिळली आणि सहाव्या वेळी ती सत्तर टक्क्यांवरच अडकली. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे कार्यक्रमाचा शेवट असतो बाहेरच्या कडेला. नेमकी तिथेच बोटं लागतात, तिथेच ओरखडे पडतात. म्हणून "शेवटची पंधरा मिनिटं अडकतात" हे वाक्य आम्ही आजही आठवड्यातून दोनदा ऐकतो.

चूक डिस्कची होती त्यापेक्षा आमच्या पद्धतीची जास्त होती. डिस्क वाचणं आणि फाइल बनवणं ही दोन कामं आम्ही एकाच दमात करत होतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला सलग डेटा लागतो. मध्ये खड्डा आला की तो एकतर हटून बसतो, नाहीतर तिथेच फाइल संपवून "झालं" म्हणतो. आता आम्ही आधी डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, काढतो आणि तीसुद्धा जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने. तो पहिल्या फेरीत सोपं सोपं सगळं भराभर उचलतो आणि अडलेल्या जागा सोडून पुढे जातो. मग त्या जागांकडे परत येतो. कुठलं मिळालं, कुठलं राहिलं याचा नकाशा एका छोट्या फाइलमध्ये ठेवतो. मजा पुढेच आहे. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली आणि तोच नकाशा दिला, की तो फक्त राहिलेल्या जागा वाचतो. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला सहज दिसतं, म्हणून आमच्या टेबलावर तीन वेगवेगळ्या बनावटींचे ड्राइव्ह आहेत. त्यातला सर्वांत कळकट आणि जुना सगळ्यात जास्त वाचतो. तो बंद पडला तर काय, हा विचार मी करत नाही.

काही जागा तरीही मिळत नाहीत, आणि तिथे सुरुवातीला आम्ही उगाच घाबरायचो. डिस्कवर डेटा २,०४८ बाइटच्या तुकड्यांत, म्हणजे सेक्टरांत, असतो आणि सोळा सेक्टर मिळून चूक-दुरुस्तीचा एक गठ्ठा होतो. थोडं बिघडलं तर गठ्ठा स्वतःला सावरतो, कुवतीबाहेर गेलं की ३२ केबी एकदम जातात. दोन तासांच्या भरलेल्या डिस्कवर ३२ केबी म्हणजे सेकंदाचा जेमतेम विसावा भाग. डीव्हीडीवरचा व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून भरतात त्या एमपेग-२ मध्ये एक फ्रेम दुसरीच्या आधारावर उभी असते, त्यामुळे पडद्यावर चौकोन पडतात ते अर्धा सेकंदभर टिकतात. बस, तेवढंच. अर्ध्या सेकंदाच्या चौकोनांसाठी दोन तासांची फाइल अडवून ठेवायची काही गरज नसते. पार्टीला आधी सांगितलं, की कुणाची हरकत नसते.

आता स्टिकरची गोष्ट, जी सांगायला मला आवडत नाही. डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की टेबल थरथरायचं, पेन घरंगळायचं. आम्ही ड्राइव्हला दोष दिला. मग एकदा डिस्क उजेडात आडवी धरून कडेने पाहिली तर ती चक्क पापडासारखी वाकलेली. वर आमचा स्टिकर, कोपऱ्यात आमचं नाव. वर्षानुवर्षांत कागद आणि गोंद आकसले होते आणि त्यांनी डिस्कला वर ओढलं होतं. त्यात स्टिकर घाईत चिकटवलेला, केसभर एका बाजूला सरकलेला. सोळापट वेगाला डिस्क मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते, तिथे केसभर सरकलेला कागदही पुरतो. भागीदाराने पहिला स्टिकर नखाने सोलून काढला. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते आणि डेटा मधल्या थरात असतो. सोलताना कडेला थर सुटला आणि ती डिस्क कायमची गेली. त्या पार्टीकडे मी स्वतः जाऊन सांगून आलो. तेव्हापासून स्टिकरला हात लावायचा नाही, ड्राइव्हचा वेग अगदी कमी करायचा आणि वाट पाहायची असा नियम आहे. दोनपट वेगाला तीच डिस्क मुकाट वाचली जाते.

पुसण्याचंही तसंच. गोल गोल पुसायची सवय सगळ्यांना असते. ट्रॅक गोल फिरतो, त्यामुळे गोल ओरखडा एकाच ट्रॅकवर लांबच लांब जातो आणि चूक-दुरुस्तीला जागाच ठेवत नाही. मधून बाहेर, सरळ रेषेत, मऊ कापडाने पुसावं. एवढं पुरतं.

इमेज हातात आली म्हणजे सुटलो असं वाटायचे दिवस होते. एक बाई आल्या, घरच्या रेकॉर्डरवर भरलेली डिस्क घेऊन. आम्ही नीट काम केलं, फाइल दिली. तासाभरात फोन. "अहो, फक्त बारसंच आहे. बाकीचं कुठंय?" त्या डिस्कवर सात वेगळी रेकॉर्डिंगं होती, म्हणजे सात टायटल. आमच्या प्रोग्रॅमने सर्वांत लांब टायटल निवडून ठेवलं होतं आणि आम्ही मान डोलावली होती. सिनेमाच्या डिस्कला ते बरोबर असतं, घरच्या डिस्कला अजिबात नाही. हँडब्रेक तर मुळात दहा सेकंदांपेक्षा छोटी टायटलं यादीतच घेत नाही, ती सेटिंग बदलावी लागते. आणि घरच्या डिस्कवर कधी कधी ते सात सेकंदच हवे असतात. आता काम घेतानाच वहीत टायटलांची संख्या आणि प्रत्येकाची लांबी लिहितो आणि देताना जुळवतो.

आवाजाने मात्र आम्हाला सर्वांत जास्त छळलं. दोन तासांचा भाषणांचा कार्यक्रम होता. सुरुवात चोख. शेवटाकडे वक्त्याचं तोंड मिटलेलं आणि शब्द चालूच. डीव्हीडीत व्हिडिओ एक जीबीच्या आतल्या व्हीओबी फाइलींत तुकडे करून ठेवलेला असतो. भागीदाराने पाचही तुकड्यांची वेगवेगळी एमपी४ केली आणि नंतर जोडली. हे तुकडे आकाराच्या हिशोबाने पाडलेले असतात, त्यांना वाक्य कुठे संपतं याच्याशी देणंघेणं नसतं. प्रत्येक तुकड्यात चित्राची आणि आवाजाची लांबी थोडी वेगळी भरते आणि प्रत्येक जोडाला फरक साचत जातो. उपाय साधा निघाला. तुकडे सोडून द्यायचे, इमेज प्रोग्रॅमला द्यायची आणि डिस्कवरच्या आयएफओ फाइलीत (कशानंतर काय वाजवायचं याच्या यादीत) दिलेल्या क्रमाने त्याला अख्खं टायटल वाचू द्यायचं.

त्यातून एक सवय लागली. आवाज मागे-पुढे आहे अशी तक्रार आली की आम्ही आधी तीन ठिकाणी पाहतो: सुरुवात, मध्य, शेवट. पहिल्यापासून सारखाच फरक असेल तर आवाज ठरावीक मिलिसेकंदांनी सरकवला की झालं. हळूहळू वाढत असेल तर जोड किंवा फ्रेमचा वेग चुकलाय. एका जागी अचानक उडी असेल तर तिथे डिस्कवर खड्डा होता, चित्राच्या फ्रेम गळल्या आणि आवाज पुढे निघून गेला. तिन्हींना एकच औषध देणारा नवखा पोरगा आमच्याकडे होता, तो नवखा म्हणजे मीच.

चित्रात काही हललं की कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसणं हे सगळ्यांनाच माहीत असतं. आमच्या पाल (आपल्याकडच्या टीव्हीच्या) पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या अर्ध्या रेघा, म्हणजे ५० फील्ड. डीइंटरलेस करताना, म्हणजे कंगव्याच्या रेघा काढताना, २५ फ्रेम ठेवल्या तर रेघा जातात, पण नाच अडखळतो. ५० फ्रेम केल्या तर हालचाल मूळ टीव्हीवर होती तशी राहते. आम्ही ५०च करतो, फाइल मोठी झाली तरी. पण आमच्याच काही डिस्कवर डीइंटरलेस केल्यावर माणसं पुढे एक पाऊल, मागे अर्धं अशी थरथरायची. आमच्या जुन्या डीव्ही (टेपवर डिजिटल भरणाऱ्या) कॅमेऱ्याचं चित्र खालच्या फील्डने सुरू व्हायचं आणि एडिटिंगच्या घाईत आम्ही डिस्कवर "वरचं आधी" असं लिहून मोकळे झालो होतो. रूपांतराच्या वेळी फील्डचा क्रम उलटा सांगितला की थरथर थांबते. स्वतःची इतक्या वर्षांपूर्वीची घाई अशी पडद्यावर बघायला मिळणं हा अनुभव वेगळाच.

माणसं जाडी किंवा काटकुळी दिसतात तो भाग सोपा. ७२० बाय ५७६ हे आकडे ४:३ ला तेच आणि १६:९ ला तेच, फरक फक्त डिस्कवरच्या एका खुणेचा. ती हरवली तर ७६८ बाय ५७६ की १०२४ बाय ५७६ हे आपणच ठरवायचं. चित्रात कुठे ताट किंवा चाक दिसतंय का बघा, ते गोल दिसेपर्यंत बदला.

एक काम आम्ही घेत नाही. विकत आणलेल्या सिनेमांच्या डिस्क. त्यांच्यावर कुलूप असतं, रीजन कोड (जगाच्या कुठल्या भागात डिस्क चालेल याची खूण) असतो, आणि ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. त्याहून मोठं कारण म्हणजे ते चित्र आपलं नाही. लोक रागावतात, जातात. जाऊ देतो.

देताना आता दोन फाइली देतो. एक एमकेव्ही, ज्यात डिस्कवरचं एमपेग-२ न बदलता तसंच ठेवलेलं असतं. दुसरी फोनवर चालणारी एमपी४. तीन तासांचा कार्यक्रम एका डिस्कवर कोंबून दिलेला असेल, आणि तो आम्हीच दिलेला आहे, तर चित्र मुळातच भुरभुरीत असतं आणि कुठल्याही सेटिंगने ते उजळत नाही. पार्टीला ते स्पष्ट सांगतो, आपलंच पाप आहे हेही सांगतो. पेनड्राइव्ह मात्र एक्सफॅट या मांडणीचा करून देतो. एफएटी३२ या जुन्या मांडणीवर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, आणि "तुमची फाइल खराब आहे" असा फोन आम्हाला रात्री साडेदहाला आलेला आहे.

सध्या टेबलावर हँडीकॅमची एक आठ सेंटिमीटरची डिस्क आहे. १.४ जीबी, अर्ध्या तासाचं चित्रीकरण. ती फायनलाइज, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून शेवटी बंद, केलेलीच नव्हती, कॉम्प्युटर तिला कोरी म्हणत होता. कॅमेरा कधीच भंगारात गेलाय, म्हणून आयसोबस्टर या प्रोग्रॅमने सेक्टर उचलतो आहोत. बरंचसं आलंय. दोन जागा अजून हटून बसल्यात, त्यातली एक अगदी कडेला. आज ती कळकट ड्राइव्हमध्ये घातली आणि दुकान बंद केलं. पार्टीला सोमवार सांगितलाय.