राक्षस थांबतो तेव्हा

"मामा, तो राक्षस तुझ्यासाठी थांबलाय का?" रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत माझ्या मोबाइलमध्ये डोकावत भाच्याने आज विचारले.

मी १९९७चा 'फायनल फँटसी सेव्हन' हा व्हिडिओ गेम खेळत होतो. मंत्रांची यादी उघडली की लढाईतला काळ थांबावा, अशी निवड मी त्यात नेहमीच करून ठेवतो. २०२०च्या नव्या आवृत्तीत, जिच्यावरून आम्हा मित्रांचा वाद अजून मिटलेला नाही, लढाई धावती झाली आणि यादी उघडल्यावर काळ थांबण्याऐवजी केवळ मंदावू लागला. चित्रे देखणी आहेत, हे मान्यच.

भाच्याला मात्र थांबलेला राक्षस हा बिघाड वाटला. मला तो आजवर सभ्यपणा वाटत आला आहे.

बोट धक्क्याला लागली, तरी माझा मंत्र ठरला नव्हता. तुमचा राक्षस थांबतो का?