इनामगाव (ता. शिरूर): आधी म्युझियम बघा, मग साईटवर जा

इनामगावची हजारो वर्षांपूर्वीची वस्ती बघायला जाणार असाल तर थेट गाडी काढून जाऊ नका, आधी पुण्यातच येरवड्याला डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व म्युझियम बघून घ्या. कारण साईटवर आता उकरलेलं काही उघडं नाहीये, घोड नदीच्या काठचं पांढरीचं (म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं) टेकाड आणि आजूबाजूला शेतं, बस. पण म्युझियम बघून गेलात तर तीच जागा बोलायला लागते.

इथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातल्या पुरातत्त्वज्ञांची मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या आसपासची वस्ती, शंभराच्या वर घरं सापडली. सुरुवातीला ऐसपैस चौकोनी घरं आणि शेवटी शेवटी छोट्या गोल झोपड्या. पाऊस कमी होत गेला, शेती आटली आणि लोक जास्त करून गुरं-शेरडांवर जगायला लागले, अर्धे भटकेच झाले, असं ढवळीकरांनी मांडलंय. शिरूरचा दुष्काळी पट्टा माहीत असणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते दफनांनी. लहान मूल गेलं की दोन मडकी घ्यायची, तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवी ठेवायची, आत ते मूल, आणि खड्डा कुठे तर राहत्या घराच्या जमिनीखालीच. म्हणजे आई रोज त्याच जमिनीवर सारवत असणार, स्वैपाक करत असणार. म्युझियममध्ये ही मडकी नीट बघा, करड्या रंगाची, जाडसर, त्यात काही नक्षीबिक्षी नाही, आणि आतली जागा इतकी कमी आहे की बघून पोटात कालवतं. मोठ्या माणसांना मात्र उताणं झोपवून पुरायचे आणि घोट्याखाली पावलं तोडलेली! मेलेल्याने उठून कुठे जाऊ नये, भूत होऊन फिरू नये म्हणून असावं असं अभ्यासक म्हणतात. आणि एक पुरुष असा मिळाला की त्याची पावलं शाबूत, कच्च्या मातीच्या चार पायांच्या फुगीर रांजणात बसवलेला, तोही पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. शेजारीच धान्याचं कोठार, म्हणून तो गावचा मुख्य असावा असा अंदाज. मरणातही मान वेगळा, हे तीन हजार वर्षांपूर्वीचं.

आता जायचं कसं. पुणे-नगर रोडने शिरूर, तिथून न्हावऱ्याच्या रस्त्याने इनामगाव. स्वतःची गाडी असलेली बरी, एसटीच्या वेळा धरून फिरायचं तर अख्खा दिवस जातो. मॅप आणि पाट्यांच्या भरवशावर राहू नका, गावात पोचलात की पारावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. शेतं लोकांच्या मालकीची आहेत, परवानगी घेऊनच आत जा आणि उभ्या पिकातून चालू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, उन्हाळ्यात सावली शोधत बसाल. टोपी, पाणी आणि जाड तळाचे बूट हवेतच, बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात.

जमिनीवर खापरं दिसली, लाल रंगावर काळ्या रेघा असलेली, तर ती जोर्वे संस्कृतीची (इथे राहणाऱ्या त्या जुन्या शेतकरी लोकांची) असू शकतात. बघा, फोटो काढा आणि जिथल्या तिथे ठेवा. खिशात घालून आणू नका प्लीज, आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. खापर कुठे पडलंय यावरूनच तर अभ्यास होतो, घरी शोकेसमध्ये गेलं की संपलं.

जेवणाची सोय हायवेलाच करा, रांजणगावला गणपतीचं दर्शन आणि जेवण दोन्ही होतं. वेळ उरला तर निघोजचे रांजणखळगे जोडून घ्या. म्युझियमला निघण्याआधी फोन करून वेळ विचारा, कॉलेजच्या सुट्टीच्या दिवशी बंद असतं, त्यामुळे म्युझियम शुक्रवारी आणि इनामगाव शनिवारी असं ठेवलंत तर धावपळ होत नाही.