'सगळ्या थेरप्या सारख्याच' हे अर्धंच खरं आहे

थेरपी घ्यायची ठरली की पुढचा प्रश्न हमखास येतो, यातली चांगली कुठली? सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी) करू, का ती लहानपणाबद्दल बोलायची सायकोडायनॅमिक, का ते ईएमडीआर, डोळे हलवायला लावतात ते? आणि मग थोडंफार वाचलेलं कुणीतरी लगेच सांगतं की रिसर्चप्रमाणे सगळ्यांचा परिणाम साधारण सारखाच असतो, थेरपिस्टशी जमलं म्हणजे झालं. मी बरीच वर्षं या विषयावर हाताला लागेल ते वाचतेय, स्वतः दोन अगदी वेगळ्या पद्धतीच्या थेरपी घेतल्यात, आणि हे उत्तर मला आता फार खटकायला लागलंय. खोटं नाहीये ते. पण अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही म्हणून काही लोकांची वर्षंच्या वर्षं चुकीच्या खोलीत जातात.

आधी ते खरं असलेलं अर्धं बघू. सॉल रोझेनझ्वाइग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं की एकमेकींशी भांडणाऱ्या या सगळ्या पद्धतींमध्ये काहीतरी समान असणार आणि माणसं बरी होतात ती बहुतेक त्या समान गोष्टींमुळे. मग १९५२ मध्ये हान्स आयसेंक यांनी खळबळ उडवून दिली, त्यांचं म्हणणं की न्यूरोटिक, म्हणजे चिंता-उदासीसारख्या तक्रारी असलेले साधारण दोन तृतीयांश लोक दोनेक वर्षांत तसेही सुधारतात, मग थेरपीने नक्की केलं काय? त्यांच्या आकडेमोडीवर पुढे भरपूर टीका झाली, पण त्या धक्क्यामुळेच लोक नीट मोजायला लागले. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी तब्बल ३७५ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला आणि निघालं असं की थेरपी घेतलेला सरासरी माणूस, थेरपी न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या अवस्थेत असतो. आणि पद्धती एकमेकींशी ताडून बघितल्या तर फरक किरकोळ. दोन वर्षांनी एडवर्ड बॉर्डिन यांनी थेरपिस्ट आणि पेशंटच्या नात्याचे तीन भाग सांगितले, कुठे पोचायचंय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला जिव्हाळा. लोक यातला तिसराच भाग लक्षात ठेवतात. 'जमलं पाहिजे' म्हणजे माणूस आवडला पाहिजे एवढंच समजतात. पहिले दोन कुठे गेले?

तुलनेचा विषय निघाला की मला १९६५ साली आलेली ती ट्रेनिंग फिल्म आठवते. एकच बाई, तीस वर्षांची, घटस्फोट झालेली, ती कॅमेऱ्यासमोर तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या दिग्गज थेरपिस्टांशी बोलते. कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. तिचा प्रश्न असा की घटस्फोटानंतर माझ्या आयुष्यात पुरुष आलेत हे माझ्या लहान मुलीला खरं सांगू का नको. रॉजर्स उत्तर देतच नाहीत, ती उत्तर मागत राहते आणि ते तिच्या त्या घालमेलीसोबत बसून राहतात. पर्ल्स तिला थेट पकडतात, तू म्हणतेस भीती वाटतेय आणि चेहऱ्यावर तर हसू आहे, हे कसं? ती चिडते. एलिस तिच्या मनातल्या समजुतींवर बोट ठेवतात, नकार मिळाला म्हणजे आपलं सगळं संपलं असं तू का धरून चालतेस. मुलाखती झाल्यावर ती म्हणाली की पर्ल्स यांच्याकडून सगळ्यात जास्त मिळालं असतं. पण पुढे तिने कित्येक वर्षं संपर्क ठेवला तो रॉजर्स यांच्याशी! एकच माणूस, तीन खोल्या, आणि त्या क्षणी काय भिडलं आणि नंतर काय टिकलं यांची उत्तरंही वेगळी. म्हणूनच पहिल्या सेशननंतर 'मला खूप छान वाटलं' किंवा 'अजिबात नाही आवडलं' एवढ्यावरून निकाल लावणाऱ्यांना मी थोडं थांबा म्हणते.

आता खोलीच्या आत नक्की काय वेगळं असतं ते बघा, कारण नुसती नावं ऐकून काही कळत नाही. समजा एक माणूस आहे, मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही, बॉसचा 'जरा बोलायचंय' असा मेसेज आला की छातीत धडधड सुरू. सीबीटीवाला विचारेल की मेसेज वाचल्यावर त्या सेकंदाला डोक्यात काय आलं. 'आता मला काढणार.' बरं, याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, आणि मग पुढच्या मीटिंगमध्ये मुद्दाम एक प्रश्न विचारायचा, आधी लिहून ठेवायचं की काय होईल असं वाटतंय, नंतर ताडून बघायचं. हे अॅरन बेक यांचं काम, ते स्वतः मनोविश्लेषण शिकलेले होते, पण १९६० च्या दशकात डिप्रेशनच्या पेशंटसोबत काम करताना त्यांना दिसलं की आपोआप येणारे हे विचार पृष्ठभागावरच आहेत, विचारलं की सापडतात. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत याच्या शेजारचीच, पण तिचा रोख वेगळा. बेक यांच्या पठडीत बघतात की विचार खरा आहे का, एलिस म्हणतील समज खरा आहे, समज हसले सगळे, मग? वाईट वाटेल, पण सहन होणार नाही असं कुणी सांगितलं? अॅक्ट (अॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) नावाची पद्धत, स्टीव्हन हेज यांची, ती या वादात शिरतच नाही. विचाराला खोटं पाडत बसू नका, तो येऊ दे, 'मला काढतील असा विचार मला आलाय' एवढं म्हणा आणि जे महत्त्वाचं आहे ते त्या विचारासकट करा.

सायकोडायनॅमिक थेरपिस्ट यातलं काहीच करणार नाही. तो ऐकत राहील आणि काही आठवड्यांनी हळूच म्हणेल की तुम्ही इथे आल्यापासून माझी सुद्धा सारखी माफी मागताय, दोन मिनिटं उशीर झाला तरी, रडू आलं तरी. म्हणजे ऑफिसातला प्रॉब्लेम खोलीतच हजर झाला. मोठ्या माणसासमोर आपण लहान होतो हे कधीपासून, कुणापासून, हे मग त्या जिवंत प्रसंगातून उलगडत जातं. याला वेळ लागतो, होमवर्क नसतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नुसत्या गप्पा चालल्यात.

अशा तक्रारीसाठी यातली कुठलीही पद्धत चालू शकते. इथे 'सगळ्या सारख्या' हे मला मान्य आहे.

पण ओसीडी घ्या, म्हणजे नको ते विचार सतत डोक्यात घुसतात आणि ते शांत करायला माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहतो तो आजार. एखादीला सतत वाटतंय की गॅस चालू राहिलाय, आपल्यामुळे कुणाचा तरी जीव जाईल, आणि ती वीस वेळा बघून येते. ती जर एखाद्या प्रेमळ, समजूतदार, उत्तम ऐकणाऱ्या थेरपिस्टकडे गेली आणि तो दर आठवड्याला तिला म्हणाला की काही होणार नाही हो, तुम्ही किती जबाबदार आहात, तर काय होईल? तिला तासभर बरं वाटेल आणि आजार वाढेल. कारण दिलासा मागणं हाच त्या आजाराचा भाग आहे, गॅस बघून येणं आणि थेरपिस्टकडून 'काही होणार नाही' ऐकून येणं यात मेंदूच्या दृष्टीने काही फरक नाही. इथे जी पद्धत चालते ती म्हणजे एक्स्पोजर आणि रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, ईआरपी. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये ती पहिल्यांदा मांडली. भीतीला मुद्दाम सामोरं जायचं आणि नंतरची ती तपासणी, ते हात धुणं, ते विचारणं करायचं नाही, पायरी पायरीने, थेरपिस्ट सोबत असताना. अस्वस्थता चढते, खूप चढते, आणि काही न करताही तिच्यासोबत बसता येतं हे शरीराला कळतं. याला धाडस लागतं, आणि थेरपिस्टलाही लागतं, समोरचा माणूस घाबरलेला असताना त्याला धीराचे दोन शब्द न देणं सोपं नाहीये. मला वाटतं म्हणूनच पुष्कळ थेरपिस्ट ते टाळतात. ओसीडी असलेल्या कुणालाही मी आधी हेच विचारते, ईआरपी करताय का? आणि उत्तर 'आम्ही बोलतो' असं आलं की मला खरंच वाईट वाटतं.

पॅनिकचंही तसंच आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं की पॅनिक अटॅक शरीरातल्या साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावल्यामुळे उसळतो, धडधड झाली म्हणजे हार्ट अटॅक, चक्कर आली म्हणजे आता कोसळणार, त्या भीतीने धडधड आणखी वाढते आणि चक्र सुरू. मग सेशनमध्येच मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, तीच लक्षणं आणून दाखवतात आणि कळतं की अरे, ही तर मी आत्ता स्वतःच तयार केली. मी स्वतः हे केलंय. माझा नंबर लागला तेव्हा खुर्ची घट्ट धरून बसले होते, पण त्यानंतर माझी भीती ज्या वेगाने उतरली तशी ती नुसत्या चर्चेने उतरली नसती याबद्दल मला शंका नाही. ठराविक गोष्टीच्या फोबियासाठी, कुत्रा, कोळी, इंजेक्शन वगैरे, लार्स-गोरान ऊस्ट यांनी १९८९ मध्ये एकाच सेशनची पद्धत मांडली, जास्तीत जास्त तीन तास. तीन तास! आणि लोक आयुष्यभर कुत्रा असलेल्या घरी जात नाहीत.

ट्रॉमासाठी जगभरच्या गाइडलाइन्समध्ये ट्रॉमावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर दोन्ही आहेत, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दोन्हींची शिफारस केली. ईएमडीआर फ्रान्सीन शापिरो यांची, आणि त्यातल्या डोळे हलवण्यामुळे नक्की काही होतं का हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर गुण बहुतेक त्या आठवणीकडे सुरक्षित जागेत पुन्हा पुन्हा बघण्याचा आहे, पण ज्यांना त्याने फायदा झाला त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. उलट, अपघात किंवा दुर्घटना झाल्या झाल्या सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत सगळं बोलायला लावायचं, ती डिब्रीफिंगची पद्धत एके काळी फार जोरात होती, आणि अभ्यासांत दिसलं की तिने पीटीएसडी (धक्क्यानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास) टळत नाही, काहींचं तर बिघडतं. बोलल्याने नेहमी मोकळंच होतं असं नाही.

डिप्रेशनमध्ये मात्र चित्र पुन्हा वेगळं. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी सीबीटीचे भाग सुटे करून बघितले. एका गटाला पूर्ण सीबीटी, दुसऱ्याला फक्त त्यातला वागण्याचा भाग, म्हणजे विचारांशी झगडायचं नाही, फक्त दिवसात काय करता ते लिहायचं आणि मूड यायची वाट न बघता छोट्या छोट्या गोष्टी ठरवून करायच्या. परिणाम सारखेच आले. याला बिहेवियरल अॅक्टिव्हेशन म्हणतात आणि २०१६ च्या ४४० लोकांच्या एका मोठ्या चाचणीत, तुलनेने कमी ट्रेनिंग असलेल्या लोकांनी दिलेली ही साधी पद्धत पूर्ण सीबीटीच्या तोडीस तोड ठरली. मला हे फार आशादायक वाटतं, कारण जो माणूस पलंगावरून उठू शकत नाही त्याला स्वतःच्या विचारांचं कोष्टक भरायला सांगणं कधी कधी क्रूर असतं. आणि ज्यांना डिप्रेशन पुन्हा पुन्हा येतं, तीन किंवा जास्त वेळा येऊन गेलंय, त्यांच्यासाठी माइंडफुलनेसवर आधारलेला आठ आठवड्यांचा कोर्स आहे, तो आजार उतरल्यावर करायचा, पुन्हा येऊ नये म्हणून. भर डिप्रेशनमध्ये कुणी नुसतं 'ध्यान कर' म्हणालं तर ते वेगळं आणि हे वेगळं.

मार्शा लिनेहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) इथे सांगितलीच पाहिजे. स्वतःला इजा करणाऱ्या, भावनांच्या लाटेत वाहून जाणाऱ्या लोकांना नुसतं 'बदला' म्हटलं की वाटतं आपल्याला कुणी समजूनच घेत नाही, आणि नुसतं समजून घेतलं तर काही बदलत नाही, म्हणून त्यांनी दोन्ही एकत्र बांधलं, शिवाय स्किल्सचा वर्ग आणि सेशनच्या मध्ये फोनवर मदत. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः याच यातनांतून गेल्या होत्या. या पद्धतीची जागा नुसत्या गप्पांची थेरपी घेऊ शकत नाही.

माझी दुसरी थेरपी सायकोडायनॅमिक होती, पॅनिक गेल्यावर खूप नंतर, कारण जवळच्या माणसांशी भांडण झालं की मी दिवस दिवस गप्प होते आणि त्याला कुठलंच वर्कशीट पुरत नव्हतं. तिथे एकदा मी थेरपिस्टवरच चिडले आणि सवयीप्रमाणे गप्प झाले, त्यांनी ते सोडलं नाही, शांतपणे विचारलं की माझ्या बोलण्यातलं काय लागलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा राग असताना बोलले. अशा ताणल्या गेलेल्या आणि पुन्हा जुळलेल्या क्षणांवर जेरेमी सॅफ्रन यांनी भरपूर काम केलंय. म्हणजे इथे नातं हेच तंत्र होतं. पण हीच थेरपी मला पॅनिकसाठी मिळाली असती तर? मी अजूनही श्वास मोजत बसले असते असं मला वाटतं.

त्यामुळे कुणी 'आम्ही सगळं मिक्स करतो' म्हणालं की मी त्यावर थांबत नाही. मिक्स करणं वाईट नाही, अनुभवी लोक करतातच, पण माझ्या या तक्रारीसाठी तुम्ही नक्की काय करणार, का, आणि साधारण किती सेशननंतर आपल्याला कळेल की उपयोग होतोय, हे पहिल्या एकदोन भेटींतच विचारायला हवं. चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावत नाही.

आणि उपयोग होत नसेल तर ते तोंडाने सांगा, कारण त्यांना आपोआप कळेल हा भरवसा धरू नका. २००५ मध्ये मायकल लँबर्ट यांच्या गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला, ५५० पेशंट, आणि त्यांच्या थेरपिस्टना विचारलं होतं की यातल्या कुणाची तब्येत बिघडेल. त्यांनी तिघांची नावं सांगितली. बिघडले ४०. म्हणूनच आता काही ठिकाणी दर सेशनला छोटी प्रश्नावली भरून घेतात, आणि गाडी उतरणीला लागलेली दिसली की थेरपिस्टला तसा इशारा मिळतो, अशा पेशंटचे परिणाम त्याने सुधारतात हेही दिसलंय. तुमच्याकडे अशी प्रश्नावली नसेल तर स्वतःच वहीत दर आठवड्याला दोन ओळी लिहा, झोप कशी, किती वेळा टाळलं, किती वेळा तपासलं, आणि महिना दीड महिन्याने ती वही थेरपिस्टसमोर ठेवा. त्यावर 'चला, आपण हे बदलून बघू' किंवा 'यासाठी तुम्हाला अमुक करणाऱ्या माणसाकडे पाठवते' असं उत्तर आलं तर तुम्ही योग्य माणसाकडे आहात. फक्त 'अजून वेळ द्या' एवढंच आलं तर विचारा, वेळ कशासाठी, त्या वेळात आपण काय वेगळं करणार आहोत?