सध्या काय ऐकताय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला ऑफिसात, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखादं गाणं हवं असतं, लगेच फोनवर पाठवता येईल असं. मी अल्बमचं नाव सांगते. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "अख्खा अल्बम? वेळ कुठून मिळतो हो तुम्हाला?"

वेळेचं आधी उरकून टाकते. मी राहते गोरेगावात आणि कामाला फोर्टात. गोरेगावहूनच सुटणारी स्लो पकडली की बसायला मिळतं. एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, एक बाजू साधारण २०-२२ मिनिटांची. पहिली बाजू वांद्र्याच्या आसपास संपते, दुसरी मुंबई सेंट्रलला. राहिलेल्या चार स्टेशनांत काय ऐकलं ते मनात घोळवायचं. ख्याल मात्र गाडीत ऐकायच्या भानगडीत मी पडत नाही. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, गायिका खर्जातून वर यायला लागते आणि नेमकी तेव्हाच टिकल्या-पिना विकणारी डब्यात चढते. तिच्या आवाजापुढे भल्याभल्यांचा टिकाव लागत नाही. ख्याल रात्री, ओटा आवरून झाल्यावर.

पण खरं कारण वेगळं आहे. ऐकलेलं सांगायला मला माणसं आहेत. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही काही जण पार्ल्याला काकांकडे जमतो. काका नात्याचे नव्हेत, माझे पूर्वीचे साहेब. काकू गाणं शिकलेल्या, अजूनही बिल्डिंगमधल्या मुलींना पेटीवर अलंकार घालून देतात. माझी वहिनी येते, भाचा येतो, कधी कुणाची मैत्रीण. प्रत्येकाने गेल्या महिन्यात काय ऐकलं ते सांगायचं, त्यातला एक अल्बम सगळ्यांनी मिळून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग भांडायचं. नियम एकच, तोही काकूंनी घातलेला: दुसरा चहा येईपर्यंत 'छान' म्हणायचं नाही.

हा नियम वाटतो तेवढा गमतीचा नाही. एकट्यादुकट्या गाण्यावरचं बोलणं 'छान आहे हं' इथे संपतं, पुढे बोलायला जागाच नसते. अल्बम म्हटला की हे आधी घ्यायचं, ते नंतर, बाजू इथे संपवायची, अमुक वाद्य घ्यायचं, तमुक नाही, असं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. ते ठरवणं आपल्याला पटतं किंवा पटत नाही. आणि पटलं नाही तर का, ते सांगावं लागतं.

'कॉल ऑफ द व्हॅली'चंच घ्या. १९६७ सालची रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची आडवी धरून वाजवलेली गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस अशी कल्पना आहे, म्हणून सुरुवात अहिर भैरव आणि नट भैरव या रागांनी, मग पिलू, भूप, देस करत शेवट पहाडीत. भाचा म्हणाला, मी ऐकलाय, बॅकग्राउंडला मस्त आहे. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याने तो शफलवर ऐकला होता. त्याच्या मेंढपाळाची रात्र आधी झाली होती आणि पहाट मागाहून! शफलचं हे बटण अल्बमच्या पानावर ठळक पुढे असायचं, ते २०२१ मध्ये स्पॉटिफायने अडेल या गायिकेच्या सांगण्यावरून मागे नेलं. तिचं म्हणणं साधं होतं, गाण्यांचा क्रम आम्ही विचार करून लावतो. मेंढपाळाचं भलं त्यामुळे फारसं झालं नाही. पुढे सीडी काढताना पहाडीनंतर आणखी तुकडे जोडले गेले, ते आता फोनवरही तसेच येतात. दिवस संपल्यावर पुन्हा वाजवायला बसायचं कारण काय? मी पहाडी संपली की बंद करते.

त्या रेकॉर्डवर तबला कुणाचा? आमच्यातल्या एकालाही आधी सांगता आलं नाही. माणिकराव पोपटकरांचा. तीन मोठी नावं सगळ्यांना पाठ, ज्याच्या ठेक्यावर ती तिघं चालली त्याचं नाव नाही. फोनवर तर साथीदारांची नावं शोधून सापडत नाहीत, ख्यालाच्या कित्येक अल्बमवर नुसतं गायकाचं नाव असतं, आणि पेटीवर, तबल्यावर, तानपुऱ्यावर कुणी बसलेलंच नव्हतं असं वाटावं. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्डच्या दुकानात (२०१६ मध्ये बंद झालं ते) विकत घ्यायची ऐपत नसली तरी कव्हर उलटं करून मागचा मजकूर वाचत उभं राहता यायचं. संगीताबद्दल मला जी काही जुजबी माहिती आहे ती निम्मी अशी फुकटची.

झाकीर हुसेन गेले, डिसेंबर २०२४ मध्ये, तेव्हा ज्याच्या-त्याच्या फोनवर त्यांच्या वेगाच्या क्लिपा फिरत होत्या. काकांनी त्या रविवारी 'मेकिंग म्युझिक' लावला. १९८७ चा, झाकीरभाईंच्या नावाचा, सोबत हरिप्रसाद, जॉन मॅकलॉफलिन आणि नॉर्वेचे सॅक्सोफोनवाले यान गारबारेक. भाचा वाट पाहत राहिला की तबला आता सुटेल, मग सुटेल. मुखपृष्ठावर स्वतःचं नाव असताना माणूस बासरीला आणि सॅक्सोफोनला इतकी वाट देतो, हे त्या क्लिपांतून कुणाला दिसलं असतं? चर्चा फार झाली नाही त्या दिवशी. सगळे नुसते बसून राहिले होते.

सगळ्यात मजा आली ती जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ला. काकांकडे त्याची जुनी तबकडी आहे. भाच्याने तोच अल्बम फोनवर आणला होता, काकांच्या खरखरीपेक्षा चांगला ऐकू येतो हे दाखवायला. दोन्हीकडून थोडं थोडं ऐकताना काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, हातात झारा तसाच, आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं चढं वाजतंय." पेटी काढली. फोनवरचा सूर पट्टीवर नीट बसत होता, तबकडीचा किंचित वर. पाव सुराइतकासुद्धा फरक नसेल, पण होता. काकांनी लगेच प्लेअरच्या पट्ट्याला दोष दिला. मग तबकडी उलटली, तर दुसरी बाजू फोनशी बरोब्बर जुळली. प्लेअर बिघडलेला असता तर दोन्ही बाजू चढ्या वाजायला हव्यात ना? भाच्याने तिथल्या तिथे शोधून काढलं. या अल्बमचं ध्वनिमुद्रण १९५९ मध्ये दोन दिवशी झालं, २ मार्चला आणि २२ एप्रिलला. मार्चच्या दिवशी टेपचं यंत्र जरा सावकाश फिरत होतं, त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढे निघायचे. त्या दिवशीच्या तीनही रचना पहिल्या बाजूवर. ही चूक दुरुस्त झाली ती थेट नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांत. तोवर तीसेक वर्षं जगभरचे लोक पहिली बाजू चढीच ऐकत होते, त्यावरून वाजवायलाही शिकत होते. काकूंना जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, हे त्या स्वतःच सांगतात. दुसरा चहा यायच्या आत त्या दिवशी 'छान' कुणी म्हटलं नाही, पण काका तीनदा "काय कान आहे!" म्हणाले. नियमात बसतं की नाही याचा निकाल अजून लागायचाय.

वहिनी नेहमी मराठी आणते आणि तिच्या निवडीवर सगळ्यात जास्त वाद होतात. एकदा तिने 'गारवा' आणला, १९९८ चा. मिलिंद इंगळेंची गाणी आणि मध्ये मध्ये सौमित्र, म्हणजे किशोर कदम, यांच्या आवाजात त्यांच्याच कविता. आमच्या पिढीची ती कॅसेट झिजलेली आहे. भाच्याचं म्हणणं पडलं की बोलण्याचा भाग वगळून गाणी ऐकावीत. वहिनी इतकी तापली की पोह्यांची बशी खाली ठेवली. मी तिच्या बाजूची. कविता वगळल्या तर पावसाची गाणी तेवढी उरतात, आणि पावसाच्या गाण्यांची मराठीत काय ददात आहे? आधी माणूस बोलायला लागतो, बोलता बोलता त्याचं बोलणं गाण्यापाशी येऊन थांबतं, ही त्यातली गंमत. ती कापली की चकलीतला काटा गेला.

भाच्याचं ऋणही मान्य करायला हवं. 'स्वदेसी' या मुंबईच्या रॅप करणाऱ्या पोरांचं काम मी त्याच्यामुळे ऐकलं. आधी त्याने 'द वारली रिव्हॉल्ट' ऐकवलं, २०१९ चं, गोरेगावच्या आरेतल्या पाड्यावर राहणाऱ्या प्रकाश भोईरांच्या आवाजासकट. गोरेगावकराला हे गाणं लांबून ऐकता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात तोडली गेली, तेव्हा आमच्या बसस्टॉपवर दुसरा विषय नव्हता. मग २०२० चा त्यांचा 'चेतावनी' अख्खा ऐकला. सगळाच सारखा जमलेला नाही, काही ठिकाणी सांगायचं इतकं असतं की श्वास घ्यायला जागा उरत नाही. पण एकाच अल्बममध्ये भाषा बदलत जाते आणि लय सुटत नाही. काकू मांडीवर मात्रा मोजत होत्या. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतोय म्हणाल्या. त्यांच्यातला गुजरातीतही रॅप करणारा 'तोडफोड' २०२२ मध्ये गेला, अवघ्या २४ व्या वर्षी.

आता किशोरीताई आमोणकर. तुमच्यातले बरेच जण 'सहेला रे' पाठवता, म्हणून हे जरा सविस्तर. ते ज्या एलपीवर आहे त्याच्या एका बाजूला बागेश्री राग आहे, दुसऱ्या बाजूला भूप. भूपात आधी विलंबित ख्याल, मग 'सहेला रे'. फोनवर हे दोन तुकडे वेगळे दिसतात आणि अर्थातच लोक दुसऱ्यावर बोट ठेवतात. मी बागेश्री आधी लावते. त्यात मध्यमाचं, म्हणजे 'म'चं, राज्य आहे, गायिका पुन्हा पुन्हा त्यावर येऊन विसावते, कोमल निषाद ('नी') सतत अवतीभवती. कान त्या दोन सुरांना सरावतो. मग तबकडी उलटायची. भूपात मध्यमही नाही आणि निषादही नाही. पाचच सूर, आणि गंधार शुद्ध. नुसता भूप ऐकला तर तो साधा, सरळ वाटतो, शाळेतल्या प्रार्थनेतला. बागेश्रीवरून त्यात आलं की ज्या जागी आत्ता सूर होते तिथे मोकळं आहे हे कळतं, आणि ताई त्या मोकळ्या जागेवरून गंधाराकडून पंचमाकडे जातात तेव्हा दर वेळी ऐकावंसं वाटतं की कशा गेल्या.

यावर आमच्याकडे जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. काकूंचं मत, एलपीवरचा राग म्हणजे मैफलीतल्या रागाचा नमुना. ताईंनी तासभर मांडलेला राग समोर बसून ऐकलेल्या माणसाला या २० मिनिटांचं काय कौतुक! काका म्हणतात, मग ताईंच्या आईच्या, मोगूबाईंच्या पिढीने काय करायचं? त्यांच्या वेळच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं बसायची आणि तेवढ्यात बंदिश, आलाप, ताना सगळं मांडून सम गाठायची. मी काकांकडे झुकते. मैफलीत रंगलं तर पुढे जाता येतं, नाही रंगलं तर राग बदलता येतो. तबकडीवर आधी ठरवावं लागतं, कुठला आलाप घ्यायचा आणि कुठला सोडायचा. त्या भूपात मला एकही जागा अशी सापडत नाही जिथे वाटावं की हे घाईत आटोपलं. काकूंना सापडते. विलंबितात तानांकडे वळताना, म्हणतात. मी त्या जागेशी पुन्हा पुन्हा थांबून ऐकलं, मला अजून पटलेलं नाही.

तर सध्या काय ऐकतेय? या आठवड्यात कुमार गंधर्वांचं 'मला उमजलेले बालगंधर्व'. बालगंधर्वांची पदं कुमारांनी गायलेली, नक्कल न करता, आपल्याला ती कशी दिसली ते सांगत. वहिनीने नाव ऐकूनच नाक मुरडलं, तिच्या मते ती पदं बालगंधर्वांखेरीज कुणी गाऊ नयेत. तिच्या वडिलांकडच्या जुन्या तबकड्या घेऊन ती येणार आहे, तेव्हा पुढच्या रविवारी दोन्ही एकापाठोपाठ ऐकायचं ठरलंय. तुम्हाला यायचं असेल तर जरूर या, काकांना मी सांगून ठेवते. नऊच्या आत पोचा, काकू नऊला दार लावून घेतात आणि मग बाजू संपेपर्यंत बेल वाजवलेली त्यांना चालत नाही.