झाडूवर जागा आहे का?

शनिवार, रात्री

छोटी आत्ताच झोपली. बहिणीची लेक, पाच वर्षांची. आजही तिला 'रूम ऑन द ब्रूम'च हवं होतं. ज्युलिया डोनाल्डसनबाईंनी लिहिलेलं, अ‍ॅक्सेल शेफलरच्या चित्रांचं, २००१ सालचं पुस्तक. इंग्रजी असूनही तिचं काही अडत नाही. मी आधी ओळ ठेक्यात म्हणते, मग अर्थ सांगते, आणि जोडीच्या दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाआधी थांबते. तो शब्द ती म्हणते. 'डॉग' आला की तिच्या ओठांवर 'फ्रॉग' तयारच असतो. पुढे काय येणार हे आपल्याला आधीच कळलं, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नाही. डोनाल्डसनबाई पुस्तकांच्या आधी मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी गाणी लिहायच्या. ते ओळीओळीत ऐकू येतं. वाचताना जीभ कुठेच अडखळत नाही.

गोष्ट साधीच. लाल वेणीची चेटकीण आणि तिचं मांजर झाडूवरून निघालेत. वाऱ्याने तिची टोपी उडते, कुत्रा ती शोधून देतो आणि विचारतो, मला बसायला जागा आहे का? मग वेणीची रिबन पडते, ती पक्षी आणतो. छडी पडते, ती बेडूक आणतो. तिघांनाही ती 'ये' म्हणते. शेवटी वजनाने झाडू मोडतो, मांजर, कुत्रा आणि बेडूक चिखलात पडतात आणि चेटकिणीला ड्रॅगन गाठतो. त्याला चेटकीण आणि चिप्स खायचे आहेत! इथे छोटी दर वेळी माझा दंड घट्ट धरते.

मला या पुस्तकात सगळ्यात आवडते ती इथली गोष्ट. जीव वाचवायला जादू येत नाही. चेटकिणीकडे छडी आहे, मंत्र आहेत, पण धावून येतात ते चिखलाने बरबटलेले चौघे, एकावर एक चढून, गुरगुरत, किंचाळत, डरांव डरांव करत. ड्रॅगनला वाटतं हा कुणी भयंकर राक्षस, आणि तो पळ काढतो. जादू होते ती त्यानंतर. चेटकीण कढईपाशी बसते आणि प्रत्येकाला काहीतरी आत टाकायला सांगते. बेडूक कमळ आणतो, मांजर पाइनच्या झाडाचं शंकूसारखं फळ, पक्षी काटकी, कुत्रा हाडूक. त्यातून नवा झाडू निघतो: बसायला जागा, पक्ष्याला घरटं, बेडकाला शॉवर. ज्याला जे लागतं ते मिळालेलं! मुलांसाठी लिहिताना इतकी माया आणि इतकी शिस्त एकाच वेळी सांभाळणं फार अवघड आहे.

आपल्याकडे चेटकीण बहुतेक गोष्टींत दुष्टच. पण विंदांनी १९८१ साली 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' लिहिलं, तेव्हा भुताखेतांनाच मुलांच्या घरात आणून बसवलं. पुढे ज्ञानपीठ मिळालेला हा कवी मुलांसाठी डझनभर पुस्तकं लिहून गेला, आणि तेही मन लावून. मला मराठीत आणखी हवं आहे ते असं: एकच गोष्ट, सलग पद्यात, पानापानावर चित्र, आणि यमक असं की पान उलटायच्या आधी मुलाने ओरडून सांगावं. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून 'आला-गेला' करून वेळ मारून नेणं सोपं. मुलांना ते पटकन कंटाळवाणं होतं. नामाला नाम जुळवायला कष्ट पडतात, पण लक्षात राहतं तेच.

संध्याकाळी छोटीने स्वयंपाकघरात स्वतःची जादू केली. छोट्या पातेल्यात खोडरबर, कोथिंबिरीची काडी, पेनाचं टोपण आणि माझी केसांची पिन. मंत्र तिच्याच मनाने निवडला: 'अटक मटक चवळी चटक'. चमच्याने ढवळताना एक क्षणही हसली नाही, कपाळावर आठी, ओठ घट्ट. मग झाडू कागदावर काढला. पाच जागा आहेत. आजीच्या जागेला मागे टेकायला उशी, कारण तिची कंबर दुखते. मांजराला खिडकी. माझ्यासाठी दिवा काढलाय. 'मावशी, तू रात्री वाचतेस ना,' म्हणाली. आईबाबांची जागा शेजारीशेजारी. मी विचारलं, आणि तू कुठे? 'मी तर चालवणार आहे!'