माझा अनुभव : ‘दोष आढळला नाही’

आमची 2007 सालची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, गाडी न्यू जर्सीतल्या चौदा हिवाळ्यांतून मुकाट्याने गेली. गेल्या जानेवारीत मात्र एका सकाळी बटण दाबल्यावर मधला टचस्क्रीन उजळला आणि चालकासमोरचा मीटर काळाच राहिला. साध्या गाडीत निदान इंजिनाचा आवाज तरी येतो. हायब्रिड उभी असताना पुष्कळदा निःशब्द असते आणि ती सुरू आहे हे सांगणारा ‘रेडी’चा दिवा त्याच मीटरमध्ये असतो. त्यामुळे गाडी चालू आहे की बंद, हेच मला कळेना. पुढे तर ती बटणाने बंदही होईना.

पहिला संशय मी बारा व्होल्टच्या लहान बॅटरीवर घेतला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी गाडी ओढण्याच्या कामी येते, पण संगणक, दिवे आणि मीटर यांना जागे करते ती ही लहान बॅटरीच. सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, मल्टिमीटरवर 11.7 व्होल्ट दिसले. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे 12.6 दाखवते. नवी बॅटरी बसवली आणि तीन आठवडे मी स्वतःवर खूश होतो.

मग तोच अंधार पुन्हा आला आणि मी गाडी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात नेली. खरा छळ येथून सुरू झाला. मीटर सुरू होताना रुसला तरच काळा राहायचा. एकदा उजळला की दिवसभर व्यवस्थित चालायचा. साहजिकच, मी स्वतः चालवत नेलेली गाडी तिथे पोहोचेपर्यंत शहाण्यासारखी वागायची. पहिल्या खेपेस अडीच तास बसवून, तपासणीचे दीडशे डॉलर घेऊन, ‘दोष आढळला नाही’ असा कागद हाती दिला. दुसऱ्या खेपेस मी विनंती केली की गाडी रात्रभर बाहेर थंडीत ठेवा आणि सकाळी सुरू करून पाहा. ती रात्रभर उबदार शेडमध्ये ठेवली गेली आणि कागदावर तेच वाक्य आले. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सुचवले की गाडी जुनी आहे, मोठी बॅटरी बदलून पाहावी. मोठ्या बॅटरीबद्दल कोणतीही सूचना नसताना हजारो डॉलरचा हा सल्ला ऐकून मला राग आवरणे कठीण गेले. त्या तीन खेपांत गाडी सलग दहा वेळा बंद-सुरू करून पाहण्याची तसदी कुणीही घेतली नाही.

शेवटी पत्नीने सुचवले म्हणून मी रोज सकाळी फोनवर चित्रण करू लागलो. पाचव्या दिवशी काळा मीटर, उजळलेला मधला पडदा आणि घड्याळ हे सारे एकाच चित्रफितीत सापडले. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते. चित्रफीत पाहताच एका स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याने मीटरच्या आतल्या सर्किटच्या पाटीवरचा म्हातारा झालेला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग), असे निदान केले.

नवा मीटर घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा, हा प्रश्न मैलांच्या आकड्यामुळे सुटला. मैलांची नोंद मीटरच्याच स्मृतीत असते. बदललेल्या मीटरवर जुना आकडा आणता आला नाही, तर अमेरिकन कायद्यानुसार तो शून्यावर ठेवून डाव्या दाराच्या चौकटीवर तशी लेखी नोंद लावावी लागते. म्हणून मी माझाच मीटर काढून टपालाने पाठवला आणि नऊ दिवस गाडी अंगणात उभी ठेवली.

मीटर काढण्याआधी बारा व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार सोडवावी, मात्र डिकी उघडीच ठेवावी. आमच्या गाडीत बॅटरी डिकीत आणि डिकीचे कुलूप विजेवर. मी झाकण लावून बसलो आणि बॉनेटखालच्या फ्यूजपेटीत बाहेरून वीज जोडण्यासाठी असलेल्या जंपरच्या टोकाला वीज देऊनच ते उघडता आले. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी तारांना अजिबात हात लावू नये, त्यांत दोनशे व्होल्ट आणि त्याहूनही जास्त खेळतात. आणि लहान बॅटरी घेताना वायू बाहेर सोडणारी नळी असलेलीच घ्यावी, कारण ही बॅटरी आपल्याच केबिनच्या हवेत बसलेली असते.

मीटर परत आला, बसवला आणि जुन्याच आकड्यासह पहिल्या दाबात उजळला. तिन्ही कागद घेऊन मी सेवा केंद्रात गेलो. पैसे परत मिळाले नाहीत, ऑइल बदलण्यावर दहा टक्के सवलतीचे कूपन मात्र मिळाले.