आमची वाटचाल : तार, झाड आणि मधले अंतर

चिपळुणात 2009 साली कोन आणि अंतर मोजणारे एक टोटल स्टेशन, त्याचे दोन प्रिझम आणि एक जुनी जीप एवढ्या भांडवलावर आम्ही सर्वेक्षणाचे काम सुरू केले. पहिली बारा वर्षे रस्ते आणि प्लॉट मोजण्यात गेली. त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने कोकणपट्टीत झाडे तारांवर आडवी केली, 25 ऑगस्टला नवे ड्रोन नियम आले आणि दिवाळीनंतर विजेच्या तारा आणि झाडे यांच्यातले अंतर मोजण्यासाठी कर्ज काढून आम्ही ड्रोनवर बसणारा लेझर स्कॅनर घेतला.

हे यंत्र सेकंदाला लाखो ठिपके टिपते. एकाच किरणाचे पानावरून, फांदीवरून आणि जमिनीवरून वेगवेगळे परतावे येत असल्याने ऐन-काजूच्या गर्दीखालची जमीनही उमटते आणि बारीक तारही सुटत नाही. उड्डाणाआधी हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढून आतले आयएमयू, म्हणजे हालचाल आणि कल टिपणारे संवेदक, स्थिरावून घ्यावे लागते. नव्या मुलांना हा सोपस्कार नाटकी वाटतो. ठिपक्यांचे दोन पट्टे एकमेकांवर बसेनासे झाले, की पटतो.

आमचे भागीदार तात्या निवृत्त लाइनमन आहेत. 33 केव्ही लाइनपासून झाड किमान 2.8 मीटर दूर असावे लागते. पहिल्या अहवालात एका स्पॅनमध्ये, म्हणजे दोन खांबांमधल्या टप्प्यात, 3.6 मीटर भरले, म्हणून मी तो हिरवा, म्हणजे सुरक्षित, रंगवला. तात्यांनी विचारले, “हे सकाळी सातचे अंतर ना? भर दुपारी लोड चढल्यावर तार किती उतरेल?” तेव्हापासून उड्डाणाच्या वेळचे तापमान आणि फीडरचा, म्हणजे त्या वीजवाहिनीचा, लोड टिपून, कमाल झोळ आणि वाऱ्याचा झोका धरल्याशिवाय आम्ही एकही स्पॅन हिरवा रंगवत नाही.

वीज कार्यालयाची एका लाइनच्या मोजणीची 2023 ची निविदा आमच्या जवळजवळ निम्म्या दराने दुसऱ्या एका कंपनीने नेली. त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता. ते छायाचित्रे जुळवून नकाशा करत. अशा नकाशात तार तुटक येते किंवा येतच नाही, म्हणून त्यांनी दोन खांबांच्या डोक्यांमध्ये सरळ रेघ ओढली. झोळ नसलेली तार आम्ही तरी आजवर पाहिलेली नाही, पण तो अहवाल मंजूर झाला. इकडे आमचे हप्ते थकले, पगार दोन महिने लांबले आणि तीन मुले सोडून गेली, त्यांतला एक त्याच कंपनीत. शेवटी टोटल स्टेशन विकले. त्याचा लाकडी ट्रायपॉड तेवढा कोणाला दिला नाही.

ऑगस्टमध्ये माणगा जातीचे बांबू त्याच लाइनला टेकले आणि फीडर वारंवार ट्रिप होऊ लागला. मे महिन्यात मोजलेल्या बांबूच्या उंचीला अर्थ नसतो, कारण पावसात फुटलेला कोंब त्याच हंगामात पूर्ण उंची गाठतो. तारेखालचे बेट आज कितीही बुटके दिसले, तरी ते धोक्याच्या लाल रंगातच रंगवावे. वीज कार्यालयातून फोन आला, “जरा येऊन पाहता का?” पावसात ड्रोन उडवणे शक्य नव्हते, म्हणून हातातल्या लेझर मापकाने आम्ही चार दिवसांत सगळी बेटे मोजून दिली. कार्यादेश हातात नसताना गेलो, ही चूक आमचीच. या धंद्यात येणाऱ्याने फोनवरच्या शब्दावर जीप काढू नये.

ते बिल अजून मिळालेले नाही. त्याची प्रत तात्यांच्या पिशवीत असते आणि त्या कार्यालयावरून जाताना ते दर वेळी जीप थांबवायला लावतात.